ताईच्या केमोची वही

डॉक्सोरुबिसिन दिसायला लालभडक असतं. केमोच्या वॉर्डात बायका त्याला ‘लाल औषध’ म्हणूनच ओळखतात. पहिला डोस लावताना सिस्टरने ताईला सांगून ठेवलं, “एक-दोन दिवस लघवी लालसर होईल. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. घाबरू नका.” त्या वाक्यांमुळे आमच्या घरातली एक रात्र तरी काळजीवाचून गेली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मिरजेजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं आणि ती उपचारांसाठी माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली. शस्त्रक्रिया आधीच झाली होती. आता दर तीन आठवड्यांनी लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड असे चार डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे बारा, त्यानंतर रेडिएशन आणि पुढे काही वर्षं टॅमोक्सिफेनची गोळी, असा आराखडा होता.

आमच्याकडच्या बायका दुखणं अंगावर काढतात. डॉक्टरांनी “कसं काय?” विचारलं की “बरं आहे” म्हणून मोकळ्या होतात. ताईही त्यातलीच. पण दोन डोसांच्या मध्ये तीन आठवडे जातात आणि तपासणीच्या वेळी हाताशी असतात जेमतेम काही मिनिटं. तेवढ्यात सगळं कसं आठवणार? म्हणून तिने शंभर पानी वही घेतली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले: तारीख, ताप, खाणं, उलट्या, शौच, झोप, आणि शेवटी ‘डॉक्टरांना विचारायचं’. उपचारांत आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो या शेवटच्या रकान्याचा.

पहिल्या डोसानंतर उलट्या फारशा झाल्या नाहीत, पण मळमळ मात्र सोडेना. खालच्या मजल्यावर कुणी फोडणी घातली की ताई तोंडाला ओढणी लावून बाल्कनीत जाई. तोंडाला लोखंडासारखी चव होती. आम्ही स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी वापरला, भात गार करून दह्याशी कालवला, तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं दिलं. तोंड आलं तेव्हा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.

मळमळीवर रात्री ओलान्झापीनची गोळी होती. ती लागू पडायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताईचे डोळे उघडत नसत. वहीत ‘दिवसभर गुंगी’ असं लागोपाठ लिहिलेलं डॉक्टरांनी वाचलं आणि पुढच्या डोसाला १० मिलिग्रॅमची गोळी २.५ वर आणली. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न अभ्यासला होता. २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत कमी मात्रेने उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि गुंगी बरीच कमी झाली. ताई त्या दिवसांत पुन्हा सकाळचं वर्तमानपत्र वाचू लागली.

तापाचं मात्र वेगळं. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि किरकोळ जंतूही जिवावर बेतू शकतो. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर ठळक अक्षरांत होतं: ताप १००.४ फॅरनहाइट झाला की ताबडतोब कळवा. दुसऱ्या डोसानंतर एका संध्याकाळी ताईला कणकण वाटली. थर्मामीटरने १००.८ दाखवलं. “क्रोसिन घेते, सकाळी बघू,” ती म्हणाली. गोळीने ताप उतरला असता, पण संसर्ग आत तसाच राहिला असता, म्हणून आम्ही आधी फोन केला. त्यांनी लगेच बोलावलं, रक्त तपासायला घेतलं आणि सलाइनमधून प्रतिजैविक सुरू केलं. पेशी खरंच फार कमी झाल्या होत्या. पुढच्या डोसांनंतर पेशी वाढवणारं इंजेक्शन मिळालं. त्याने दोन दिवस कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकत, पण तसा ताप पुन्हा आला नाही.

गर्दी टाळायची म्हणून आम्ही लोकलच्या दिव्यांग डब्यातून जायचो. त्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, हे डोंबिवलीत इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

केस तिसऱ्या आठवड्यात गळू लागले. उशीवर, मोरीत, भाकरीच्या पिठात सापडायला लागले, तेव्हा ताईने सगळेच काढून टाकले. उन्हाळ्यात विगने डोक्याला खाज सुटे, म्हणून ती मऊ सुती रुमाल बांधू लागली.

पॅक्लिटॅक्सेल हे पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून पहिल्यांदा मिळालेलं औषध. पेशींच्या आतल्या ज्या बारीक नळ्यांवर ते काम करतं, त्या मज्जातंतूंनाही लागतात. म्हणून हातापायांना मुंग्या येतात. चौथ्या-पाचव्या डोसानंतर ताईला ब्लाउजचे हूक लावता येईनात. बोटांच्या टोकांना हूक लागतोय की कापड, हेच कळत नव्हतं. हे तिने त्याच आठवड्यात सांगितलं. मुंग्या वाढत गेल्या तर कधी कधी कायमच्या राहतात, म्हणून डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली. डोस चालू असताना हातापायांना बर्फाचे मोजे घातल्याने मुंग्या कमी होतात, असं जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात २०१८ मध्ये दिसलं होतं. डॉक्टरांना विचारून आम्ही तेही केलं. बर्फ सोसवत नसे, तरी ताई नेटाने बसे.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज येण्याचा धोका होताच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती बोटं चालवत हात वर नेई आणि पोहोचेल तिथे पेन्सिलीने रेघ ओढे. रेघा हळूहळू कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेल्या.

या सगळ्या काळात सल्ल्यांचा पूर आला. कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी गावठी काढा, कुणी साखर पूर्ण बंद. ताई सगळ्यांचं ऐकून घेई आणि डब्यावरचं लेबल वहीत उतरवून डॉक्टरांना दाखवी. बहुतेक गोष्टींना ‘केमो संपेपर्यंत नको’ असंच उत्तर मिळालं.

आता ती शाळेत परतली आहे. टॅमोक्सिफेन रोज चालू आहे. रात्री अंगातून वाफा निघाल्यासारख्या होतात आणि उशी घामाने भिजते. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, म्हणून अंगठ्याची चप्पल सोडून ती पट्ट्याची घालते. पाळी सोडून मध्येच रक्तस्राव झाला तर लगेच यायचं, हेही तिने लाल पेनाने लिहून ठेवलं आहे. काल फोनवर तिने पुढच्या तपासणीचे प्रश्न मला वाचून दाखवले: घामावर काही औषध चालेल का, आणि ते टॅमोक्सिफेनच्या आड येणार नाही ना? सहलीला मुलांबरोबर पन्हाळा चढले तर चालेल का? मॅमोग्राफी कधी?