दूरच्या यंत्राशी बोलताना

आमच्या घरात संगणक नाही. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी, तेव्हा तो असण्याचा प्रश्नच नाही. तरी सुट्टीत गावी बसून मी महाविद्यालयातल्या संगणकावर काम करतो, तेही जुन्या मोबाईलवरून. त्यात ‘टर्मक्स’ हा मोफत प्रोग्राम टाकला आहे. ग्रंथालयातील जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने ‘टेसरॅक्ट’कडून वाचवून मजकुरात उतरवायची, हे माझे ‘कमवा व शिका’चे काम. त्यातून परीक्षेचे शुल्क निघते. काम मधेच तुटणे मला परवडत नाही.

हे साधते एसएसएचमुळे. १९९५ साली फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी ते रचले. त्यांच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचले होते. तोवर टेलनेटमधून पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जाई. एसएसएचमध्ये तो कुलूपबंद जातो. शिवाय ये-जा फक्त अक्षरांची, त्यामुळे गावचे रडतखडत चालणारे नेटही पुरते.

पण आमच्याकडे लाइट गेली की टॉवर गप्प आणि जोडणी तुटली. मग तिकडे चालू असलेले कामही बहुधा मरते. यावर उतारा ‘टीमक्स’. (टर्मक्स आणि टीमक्स ही नावे भावंडांसारखी, कामे वेगळी.) दूरच्या यंत्रावर आधी टीमक्स सुरू करावे, त्यात काम लावावे, कंट्रोल व बी एकत्र दाबून सोडावे, मग डी दाबावा आणि खुशाल जेवायला उठावे. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’. न सांगता जोडणी तुटली तरी आत काम चालूच राहते.

दुसरे किल्ल्यांचे. ‘एसएसएच-कीजेन’ किल्ल्यांची जोडी करून देते. ‘पब’ शेपटीची किल्ली तिकडच्या यंत्राला द्यावी. दुसरी जिवलग मित्रालाही देऊ नये. मित्र रागावतात. रागावू देत.

पहिल्या भेटीत यंत्र आपला ठसा दाखवून विचारते, विश्वास ठेवायचा का? बहुतेक जण न वाचताच ‘यस’ लिहितात. मी तो ठसा सरांकडून आधी कागदावर लिहून घेतला आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. मागताना संकोच वाटला. आमच्या घरी अंगठ्याचा ठसा द्यायची सवय आहे, कागदावर काय लिहिले ते विचारायची नाही. पुढे कधी ‘ठसा बदलला’ अशी सूचना आली तर तिथेच थांबावे आणि यंत्र नवे बसवले का, ते विचारावे.

आणि काही पुसण्यापूर्वी ‘होस्टनेम’ लिहून पाहावे. इकडची आणि तिकडची काळी खिडकी अगदी सारखीच दिसते.