पाडव्यानंतरचे दोन दिवस

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये जी थोडी जुनी मराठी घरे अजून उरली आहेत, त्यांपैकी एका घराने २०१७ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २८ मार्च रोजी, एका मोटारसायकलीची नोंदणी केली. सकाळी गुढी उभारून झाली, कडुनिंबाची पाने तोंडात टाकून झाली आणि घरातले वडील व धाकटा मुलगा विक्रेत्याकडे जाऊन पाच हजारांचा बयाणा देऊन आले. हवा तो रंग आठवड्याने यायचा होता; तेव्हा गाडी रामनवमीला घरी आणावी असे ठरले. मुहूर्त साधला होता, पेढे वाटले गेले होते. गाडीचा विषय घरापुरता संपला होता.

दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उघडला. न्यायमूर्ती मदन लोकूर व न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने २९ मार्चला निर्णय दिला की, भारत स्टेज तीन या जुन्या प्रदूषण-मानकाचे कोणतेही वाहन १ एप्रिलपासून देशात विकता येणार नाही. त्या दिवशी कंपन्यांजवळ व विक्रेत्यांजवळ अशी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने पडून होती, आणि त्यांत ६ लाख ७१ हजार दुचाकी होत्या. कंपन्यांचे म्हणणे असे की, बंदी उत्पादनावर आहे, झालेल्या मालाच्या विक्रीवर नाही. न्यायालयाने लोकांचे आरोग्य कंपन्यांच्या व्यापारी हितापेक्षा मोठे मानले. परंतु ३१ मार्चपर्यंतची विक्री मोकळीच राहिली, आणि त्या तारखेपर्यंत विकल्याचा पुरावा असल्यास पुढे नोंदणीही होणार होती. मग जे व्हायचे तेच झाले. होंडाने बावीस हजारांपर्यंत, हीरोने साडेबारा हजारांपर्यंत सूट जाहीर केली. इतरही मागे राहिले नाहीत. जे यंत्र मंगळवारी पूर्ण किमतीचे होते, ते गुरुवारी उतरत्या भावाचे झाले. यंत्रात मात्र या दोन दिवसांत काहीच बदलले नव्हते.

धाकटा औषध-कंपनीचा प्रतिनिधी. सिहोरा, पाटण, कटंगी असा त्याचा आठवड्याचा फेरा; जुनी स्कूटर या फेऱ्यांतच निकामी झालेली. गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला आणि बॅग खाली न ठेवताच म्हणाला, "नाना, ऐकलंत का? आपल्या गाडीचंच मागचं मॉडेल साडेअकरा हजारांनी स्वस्त झालंय. आपला बयाणा तिकडे वळवून देतो म्हणालेत. फक्त उद्यापर्यंत."

अशा प्रसंगी वडील जुन्याची बाजू घेतात आणि मुलगा नव्याची, असा एक समज आहे. या घरात उलटे घडले. मुलाने कागदावर हिशेब मांडला. दोन्ही गाड्यांचे इंजिन एकाच घनफळाचे, टाकी एकाच आकाराची, बैठक एकाच मापाची. नव्या गाडीत फरक तीन: धुरातील न जळलेल्या इंधनाची व नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा अधिक कडक, टाकीतून उडून जाणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवरही बंधन, आणि पुढचा दिवा इंजिन सुरू असेतो विझवताच न येणारा. या तिहींपैकी एकही फरक गाडी चालवणाऱ्याच्या पदरात काही टाकणारा नव्हता. उलट साडेअकरा हजारांत धाकट्या बहिणीच्या नागपूरच्या वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचे जेवण भागत होते. ती तेथल्या महाविद्यालयात प्रवेशाच्या खटपटीत होती, आणि ही रक्कम कोठून उभी करायची हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे.

नाना आढेवेढे घेत होते. जुन्या मॉडेलशी त्यांचे वैर होते असे मुळीच नाही. त्यांची नोकरी जबलपूरच्या वाहन कारखान्यात झाली. १९६९ साली उभा राहिलेला हा कारखाना लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या बनवीत असे. जोंगा हे नावच मुळी जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे. शक्तिमान जर्मन परवान्यावरचा, जोंगा जपानी परवान्यावरची. पण ज्यांनी त्यांचे नट आवळले त्यांना ती दोन्ही वाहने गावचीच वाटत. पुढे नव्वदच्या दशकात शक्तिमान गेला आणि त्याच्या जागी स्टॅलियन आला. जोंगाही बंद झाली. नानांनी हे सारे पाहिले होते. एक मॉडेल जाते म्हणून ते वाईट ठरत नाही, हे त्यांना त्या मुलापेक्षा अधिक ठाऊक होते.

शिवाय त्यांच्या तरुणपणी या बाजाराचे नियमच वेगळे होते. स्कूटरसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. किंमत सरकारने बांधलेली, आणि गाडी ज्याच्या नावावर निघे तो ती दुसऱ्याच दिवशी चढ्या दराने विकू शके. वापरलेली गाडी कोऱ्या गाडीहून महाग, असा तो काळ. तेव्हा विक्रेता गिऱ्हाइकाकडे पाहतही नसे. आज तोच विक्रेता फोन करून बोलावतो आहे, ही गोष्ट नानांना सुखावण्याऐवजी सावध करीत होती.

पण खरे कारण त्यांनी रात्री जेवण झाल्यावर सांगितले. घराच्या डाव्या अंगाला एक अरुंद बोळ आहे. स्कूटर तेथेच उभी असे. बोळात स्वयंपाकघराची खिडकी उघडते. सकाळी गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटे तापवायची ती त्या खिडकीखाली. आणि खिडकीच्या आत मुलाच्या आईचा सकाळचा वेळ जातो. तिला बारा वर्षांपासून दमा आहे.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "नाना, एका गाडीच्या धुरानं असा काय फरक पडणार? आणि आपण नाही घेतली तर ती गाडी काही भंगारात जाणार नाही. उद्या दुसरा कोणी घेईल. धूर याच गावात राहील. आपले साडेअकरा हजार तेवढे जातील."

या युक्तिवादाला नानांजवळ उत्तर नव्हते. त्या दोन दिवसांत देशातल्या लाखो घरांत कोणाजवळच ते नसावे. न्यायालयाने मर्यादा समाजासाठी घातली होती. सवलत मात्र प्रत्येकाला एकेकट्याला देऊ केली गेली होती. ज्या धुराचा विचार सर्वांनी मिळून करायचा, त्याचा हिशेब एकेका घराने आपल्या स्वयंपाकघरात बसून मांडायचा होता; आणि एकट्याच्या हिशेबात धुराचा आकडा नेहमी शून्याजवळच येतो. नाना एवढेच म्हणाले, "राहू दे गावात. आपल्या खिडकीखाली नको." म्हणताना आपल्या वाक्यातला स्वार्थ त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण नंतर ते बराच वेळ बोलले नाहीत.

आईने भांडी आवरता आवरता आपला निकाल दिला. तिचे बालपण जबलपुरातच गेलेले. मराठी म्हणी ती हिंदीत पुऱ्या करते. "नया नौ दिन, पुराना सौ दिन," ती म्हणाली, "जुनी घ्या. पोरगी नागपूरला जाऊ दे."

एकच म्हण दोन भाषांत कशी निराळी होते, याचा हा नमुना आहे. मराठी माणूस "नव्याचे नऊ दिवस" एवढ्यावर थांबतो. त्याला नवलाईची टिंगल करायची असते, ती झाली की त्याचे काम संपले. हिंदीने पुढे जुन्याचे शंभर दिवस मोजून ठेवले आहेत. नऊ दिवस मराठीतून आणि शंभर दिवस हिंदीतून मोजणारे हे घर दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढले. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेले आणि जबलपूर दुसऱ्या, तेव्हापासून येथल्या मराठी घरांना मुलीला शिकायला नागपूरला पाठवणे म्हणजे परक्या राज्यात पाठवणे आणि माहेरी पाठवणे, दोन्ही एकदमच असते.

शुक्रवारी, ३१ मार्चला, बापलेक विक्रेत्याकडे पोहोचले तेव्हा दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत माणसे उभी होती. दूध घालणारे, शिकवण्या घेणारे, कारखान्यांतले हंगामी कामगार. कित्येकांच्या हातांत नोटा रुमालात बांधलेल्या. नोटाबंदीला अजून पाच महिनेही झाले नव्हते आणि दोन हजारांच्या नोटा कोऱ्या होत्या. नानांनी ती रांग नीट पाहिली. साडेअकरा हजार ही या माणसांसाठी सूट नव्हती. गाडी असणे आणि नसणे यांतले ते अंतर होते. एरवी ज्यांना नवे कधीच मिळाले नसते, त्यांना बाद होण्याच्या आदल्या दिवशी का होईना, कोरी गाडी मिळत होती. धुराविषयीचे आपले म्हणणे या रांगेला ऐकवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असे त्यांच्या मनात आले असेल तर ते त्यांनी मुलाला सांगितले नाही. रात्री नऊच्या सुमारास पावती मिळाली. पावतीवर तारीख स्पष्ट उमटली आहे की नाही, हे मात्र त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी १ एप्रिल. सकाळी मुलगा तयार होऊन बाहेर येण्यापूर्वीच नानांनी गाडी स्टँडवरून काढली, बोळातून ढकलत फाटकाबाहेर नेली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली. "इथून सुरू करीत जा," एवढेच ते म्हणाले. पुढे हा रोजचा क्रम झाला. समोरच्या घरी त्याच पाडव्याला नवी गाडी आली होती. तिचा दिवा भर दुपारी जळे आणि रस्त्यावरचे लोक हाताची बोटे उघडून मिटून त्या गृहस्थांना दिवा विझवण्याची खूण करीत. ते बिचारे पहिले काही दिवस थांबून समजावून सांगत, मग हसून पुढे जाऊ लागले.

तीन वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा ठरलेला होता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा येणार होते, चारची वाहने उतरत्या भावात निघणार होती. मुलाचा पगार वाढला होता, बहीण नागपुरात नोकरीला लागली होती, आणि या वेळी नवी गाडी घ्यायची असे त्याने स्वतःच म्हटले होते. परंतु २० मार्चला मध्यप्रदेशातले करोनाचे पहिले रुग्ण जबलपुरातच सापडले, आणि त्या वर्षीचा पाडवा, २५ मार्च, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. दुकाने बंद, रस्ते रिकामे. गुढी उभी राहिली. खरेदी काही झाली नाही. गाडी कित्येक आठवडे बोळात कापडाखाली निजून होती, आणि आईने स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर उघडी ठेवली.

ती मोटारसायकल अजून चालते. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०३२ साली पुरी होतील. नानांच्याने आता ती ढकलवत नाही. मुलगा सकाळी तिला बोळातून बाहेर काढतो आणि फाटकाशी न थांबता भंवरताल उद्यानाच्या दिशेने आणखी वीस-पंचवीस पावले नेतो. कारण फाटकासमोरच्या घरात गेल्या वर्षी तान्हे मूल आले. तेथे गाडी सुरू होते. नाना ओट्यावरून पाहत असतात. त्या जागीही एक खिडकी आहे, हे त्यांना दिसते.