टेम्पो : विशेषनाम आणि सामान्यनाम

मालवाहू गाड्यांचे सौंदर्य हा साहित्याच्या अध्यापकांचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. तरीही आम्हां काही सहकाऱ्यांना जुन्या, विचित्र बांध्याच्या अशा गाड्यांचे वेड आहे. आणि त्यांत अग्रमान आहे तो तीनचाकी टेम्पोचा.

'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचे व्यापारी नाव. तिची 'हान्सेआट' ही तीनचाकी जर्मनीत १९४९ ते १९५६ या काळात निघत असे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने ती आधी गोरेगावला व नंतर पुण्याजवळ आकुर्डीला बनवली. मूळ देशात बंद पडलेली ही गाडी येथे २००० पर्यंत तयार होत राहिली. पुढे एकच चाक, इंजिन त्याच्यापाशी, साखळीने गतीही त्यालाच. त्यामुळे मागचा सारा हौदा मालासाठी मोकळा. लांबुडके नाक आणि रुंद धड असा तो आकार गरजेनेच घडवला. आशय आणि आकृतिबंध यांच्या एकरूपतेचे इतके उघड उदाहरण वर्गात आम्हांला क्वचितच सापडते.

भाषेने या गाडीचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. 'हान्सेआट', म्हणजे हान्सा या व्यापारी संघातील नगरांचा रहिवासी, हे नाव येथे कोणाच्या तोंडी बसले नाही. 'टेम्पो' या विशेषनामाचे मात्र सामान्यनाम झाले, त्याला मराठी प्रत्यय लागून 'टेम्पोवाला' आला, आणि आज कोणत्याही कंपनीच्या चारचाकी छोट्या मालगाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो. मूळ शब्दाचा अर्थ गती. ओझ्याखाली धापा टाकणाऱ्या त्या गाडीकडे पाहून तो कोणाला सुचला नसता!

आमच्यात एक वाद मात्र मिटलेला नाही. एका स्नेह्यांच्या मते जुना टेम्पो कारखान्यातून निघाला तसा, मूळ रंगात पुन्हा उभा करावा. आम्हांला हे पटत नाही. संहितेचे संपादन करताना आपण पाठभेद पुसून टाकत नाही. हौद्याला पडलेले पोचे, ठिगळासारखा जोडलेला पत्रा, दोरखंडांनी घासून गेलेल्या कडा हे या गाडीचे पाठभेदच होत. ज्याचे पोट तिच्यावर चालत होते, त्याला ती कधी विचित्र वाटली नसावी. आम्हांला वाटते, कारण आमचे तिच्यावाचून काही अडत नाही. हे भान सुटले, की आस्वादाची नुसती हौस उरते.

चाके, साखळी, ब्रेक अवश्य दुरुस्त करावेत. हौद्याला हात लावू नये.