बोय, मे बोय

दुसऱ्या वर्षाला हौसेने स्पॅनिशचा क्लास लावला. सगळं मजेत चाललं होतं, तोवर ‘इर’ आणि ‘इर्से’ आले. डिक्शनरी पाहावी तर दोन्हींचा अर्थ ‘जाणे’च! ‘बोय आ कासा’ म्हणजे मी घरी जाते. कुठे, ते महत्त्वाचं. ‘मे बोय’ म्हणजे निघते मी; कुठे, ते नाही सांगितलं तरी चालतं. एकदा तास संपल्यावर मी ऐटीत नुसतंच ‘बोय’ म्हणून दाराकडे वळले. मॅडम हसायलाच लागल्या. कुणी हाक मारली की स्पॅनिश माणूस ‘बोय’ म्हणतो, म्हणजे आपलं ‘आले, आले!’ घ्या, मी बाहेर जाताना ‘आले’ म्हणत होते!

आणि आजी आठवली. होस्टेलला निघताना मी बॅग उचलून ‘जाते गं’ म्हणाले (आमचं कॉन्व्हेंटचं मराठी!), तर तिने पुन्हा आत बसवलं. “जाते नाही, येते म्हणावं.” बस चुकत होती, मी जाम वैतागले.

गेल्या डिसेंबरात आजी गेली. स्पॅनिशमध्ये अशा वेळी ‘से नोस फुए’ म्हणतात, आपल्याला सोडून गेली. इथेही इर्सेच. दवाखान्यात नेताना ती मात्र शेजारच्या काकूंना ‘येते हं’ म्हणाली होती.