रोजच्या हवेची ओळख

दूर देशी झालेल्या अणुस्फोटाचा माग इथल्या हवेत काढायचा, तर इथली हवा आधी पाठ असावी लागते. हवेतला किरणोत्सार मोजण्यात माझं कामाचं आयुष्य गेलं, आणि घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातली हवा मी ऋतूंप्रमाणे पाठ केली.

या हवेत रेडॉन कायमचाच. जमिनीतल्या रेडियमपासून तो तयार होतो आणि मातीच्या फटींतून वर येतो. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो, गार हवा जमिनीलगत साचते, तेव्हा आकडे चढतात; दुपारी खारा वारा सुटला की उतरतात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दूरवरून पाण्यावरून येतो. समुद्रातून रेडॉन फारच थोडा निघतो आणि त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणून त्या दिवसांत आकडे तळाला जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रामा यांनी १९७० साली रेडॉनचा हाच गुण वापरून मान्सूनच्या वाऱ्यांचा माग दाखवला होता.

पंपाने ओढलेल्या हवेतली धूळ फिल्टर पेपरवर बसते. तो पेपर लगेच मोजला तर मोजणीवर रेडॉनच्या अपत्यांचाच, म्हणजे त्याच्या क्षयातून बनलेल्या अणूंचाच, ताबा असतो. काही तासांत ती विझतात. थोरॉन या रेडॉनच्याच समस्थानिकाच्या वाटेने आलेल्या किरणोत्सारी शिशाला मात्र तीन-चार दिवस द्यावे लागतात. एवढं थांबल्यावर जे उरतं, त्यातही वैश्विक किरणांनी घडवलेलं बेरिलियम-७ ओळखून बाजूला काढायचं. मगच स्फोटाच्या राखेबद्दल बोलायचा अधिकार मिळतो.

जगातली शेवटची वातावरणीय अणुचाचणी चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केली. त्यानंतरच्या चाचण्या भूगर्भात झाल्या. खडक राख धरून ठेवतो. स्फोटात तयार होणारा झेनॉन वायू मात्र सहसा कशाशी संयोग करत नाही, तो भेगांतून निसटतो. एक घनमीटर हवेत नैसर्गिक झेनॉन मिलीलिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तो थंड सक्रिय कोळशावर धरायचा, रेडॉनपासून वेगळा करायचा आणि त्यात किरणोत्सारी अणू शोधायचे. उत्तर कोरियाने १२ फेब्रुवारी २०१३ रोजी चाचणी केली. जपानमधल्या ताकासाकी केंद्राला तिचा झेनॉन सापडला तो तब्बल ५५ दिवसांनी! झेनॉन-१३३चं अर्धायुष्य सव्वापाच दिवसांचं, म्हणजे तोवर त्याचा हजारावा हिस्साही उरला नव्हता. झेनॉन-१३१च्या दीर्घायुषी रूपाशी त्याचं प्रमाण ताडून पाहिलं, ते चाचणीच्या तारखेशी जुळलं.

पण हाच झेनॉन अणुभट्ट्यांतून आणि रुग्णालयांसाठी समस्थानिकं बनवणाऱ्या कारखान्यांतूनही सुटतो. त्यामुळे नुसता सापडला म्हणजे चाचणी झाली, असं म्हणता येत नाही. रोज लोकलने जाणाऱ्याला गाडीच्या खडखडाटातला एखादाच वेगळा आवाज चटकन टोचतो, कारण बाकीचा खडखडाट त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. मोजणाऱ्याचा कान तसाच तयार व्हावा लागतो. एका आकड्याच्या आधारे एखाद्या देशावर बोट रोखलं जाणार असेल, तर तो आकडा नेहमीच्या हवेचा नाही हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

म्हणून कामाला लागलेल्या नव्या मुलांना मी एकच आग्रह करतो: स्फोटाच्या बातमीची वाट पाहू नका. ज्या दिवशी जगात काहीच घडलेलं नाही, त्या दिवसाचा पेपरही तितक्याच निष्ठेने मोजा आणि वहीत नोंदवा. पुढे कधी खरी बातमी आलीच, तर त्या साध्या नोंदीच तुमच्या बाजूने साक्ष देतील.