डाव्या तळहाताचे तेल

रुग्णाभ्यंग संस्काराच्या वेळी धर्मगुरू आजाऱ्याच्या कपाळाला व दोन्ही तळहातांना पवित्र तेल लावतात. दादरच्या आमच्या घरी आत्याला हा संस्कार देण्यात आला, तेव्हा तिने भक्तिभावाने डोळे मिटले होते. फादर तिच्या डाव्या तळहाताला तेल लावीत असताना आईने तिचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. प्रार्थना संपल्यावर आत्या म्हणाली, "फादर डाव्या हाताला तेल लावायचे विसरले." तो तळहात तर तेलाने चकाकत होता!

आत्याच्या मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताच्या झटक्याने इजा झाली होती. पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. डाव्या हाताला बोट लावले, तिने "डावा" असे अचूक सांगितले. उजव्याचेही उत्तर बरोबर आले. मग दोन्ही हातांना एकाच क्षणी स्पर्श केला, उत्तर आले, "उजवा." एकट्या डाव्या हाताला जे कळत होते, ते उजव्याचा स्पर्श येताच विझून जात होते. जेवतानाही ताटाच्या डाव्या बाजूचा भात तसाच राही. ताट फिरवून दिले की तोच भात ती आवडीने खाई.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बिघाड होता तो अवधानात. मेंदूचा उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मात्र मुख्यतः उजवीकडेच पाहतो, असे बरेच तज्ज्ञ मानतात. म्हणूनच उजव्या भागाला इजा झाली की डावी बाजू पोरकी होते. तरीही विझलेला स्पर्श सर्वस्वी हरवत नाही. अशा काही रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या असता, "जाणवला नाही" म्हणून सांगितलेल्या स्पर्शानेही मेंदूच्या स्पर्शकेंद्रात हालचाल झाल्याचे आढळले आहे. स्पर्श दारापर्यंत येतो; आत वर्दी देणारा तेवढा जागेवर नसतो.

पण जिथे वर्दी पोहोचते की नाही हेच कळायला मार्ग नाही, तिथे काय? याचे उत्तर दादरहून जवळच, परळच्या के. ई. एम. इस्पितळात अनेक वर्षे मूकपणे दिले जात होते. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातच अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. त्यांना नेमके काय जाणवते, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. आवडीचे मासे मिळाले की त्या हसतात, असे इस्पितळाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला कळविले होते. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची विनंती नाकारली. त्या जगाव्यात, अशीच के. ई. एम.च्या सेवकवर्गाची इच्छा होती. ३७ वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्टही त्या खटल्यात नोंदली गेली.

शय्याव्रण टाळायचा म्हणजे अंग पुसायचे, कूस बदलायची, रात्रीही बदलायची. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचे निधन होईपर्यंत परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीच्या हाती हा वसा दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजीच्या भाषणात अशा रुग्णांच्या अबाधित मानवी प्रतिष्ठेविषयी जे सांगितले, ते या भगिनी त्याच्या कितीतरी आधीपासून आचरीत होत्या.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. त्यांच्या भेटीला जाताना आधी नावाने हाक मारावी. दुर्लक्षित हात अलगद त्यांच्या नजरेसमोर आणावा, आपण कोठे स्पर्श करीत आहोत ते सांगावे आणि एका वेळी एकच हात धरावा. प्रेमाने दोन्ही हात एकदम धरले, तर त्यांतला एक त्यांच्या लेखी रिकामाच राहण्याचा संभव असतो.

इतके करूनही वर्दी पोहोचली नाही, तरी खंत करू नये. शुद्ध हरपलेल्या श्रद्धावंतालाही ख्रिस्तसभा रुग्णाभ्यंग देते. कृपेचे तेल पोच मागत नाही.