पोलिसांचा हिशेब कोणापुढे?

अमेरिकेतल्या पोलिसांबद्दल मराठी माणसाची दोन मतं असतात. जॉर्ज फ्लॉइडची चित्रफीत पाहिलेला म्हणतो, नको रे बाबा. इथे येऊन स्थिरावलेला म्हणतो, काय ते सौजन्य! कॅलिफोर्नियातलं दीड लाख वस्तीचं सनीव्हेल दुसऱ्या मताला भरपूर खाद्य पुरवतं. इथे पोलीस, अग्निशमन आणि तातडीची वैद्यकीय मदत ही कामं 1950 पासून एकाच सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे आहेत. अधिकाऱ्याला तिन्हींचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यामुळे आज गस्तीच्या गाडीत दिसलेला गृहस्थ पुढे बंबावर दिसू शकतो. गस्त, तपास, वाहतूक, 911 चा कक्ष या शाखा आहेतच. वर लोकांसाठीचे उपक्रम. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी ‘नॅशनल नाइट आउट’ असतं; त्या संध्याकाळी गल्लीगल्लीत टेबलं मांडून शेजारी जमतात आणि पोलीस त्यांच्यात येऊन मिसळतात. ‘कॉफी विथ अ कॉप’, म्हणजे पोलिसासोबत कॉफी घेत गप्पा, हे तर याच राज्यातल्या हॉथॉर्न शहरात 2011 साली सुरू झालं आणि देशभर पसरलं. हे सगळं पाहिलं की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या माणसाच्या मनात येतं, आपल्या ठाण्यात असं कधी होणार?

पण उपक्रमांची वानवा सुरगाण्यातही नाही. गणपती जवळ आले की शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. गावोगाव 1967 च्या कायद्यानुसार नेमलेला पोलीस पाटील आहे, आणि तो त्याच गावचा रहिवासी असतो. अशी सोय सनीव्हेलला स्वप्नातही नाही. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली, गावांना बक्षिसं मिळाली, वेशीवर फलक लागले. अलीकडे तातडीच्या मदतीचा 112 क्रमांक आला. तेव्हा खरा फरक शोधायचा तर कॉफी बाजूला ठेवून सनीव्हेलच्या नगर परिषदेच्या सभागृहात डोकवावं. कॅलिफोर्नियात 2022 पासून लागू असलेल्या एका कायद्यामुळे पोलिसांना आपल्याकडच्या लष्करी धर्तीच्या सामानाची यादी दरवर्षी मांडावी लागते. ड्रोन किती, चिलखती गाडी आहे का, दंगलीत वापरायच्या गोळ्या किती. प्रत्येकाची किंमत, आयुष्य, वापर कशासाठी झाला आणि तक्रारी काय आल्या. ती यादी जाहीर होते, तिच्यावर नागरिकांची बैठक घ्यावी लागते, आणि परिषदेने मंजुरी दिली नाही तर ते सामान वापरता येत नाही. नाक्यावर कॉफी पाजणाऱ्या खात्याला सभागृहात कोणीही सामान्य रहिवासी माइकसमोर उभा राहून जाब विचारू शकतो. कॉफीला चव येते ती त्यामुळे.

सुरगाण्यातला ठाणेदार हिशेब देतो, नाही असं नाही; पण तो वर देतो. कळवणच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला, तिथून नाशिक ग्रामीणच्या अधीक्षकांना, तिथून मुंबईला. वार्षिक तपासणीला साहेब येतात, नोंदवह्या उघडतात, शेरे मारून जातात. ज्यांच्याविषयी त्या नोंदी आहेत त्या गावांना त्यातलं अक्षर कळत नाही. 1948 पर्यंत सुरगाणा संस्थान होतं, तेव्हाही ही दिशा वरचीच होती; संस्थान गेलं, दिशा राहिली.

नुसत्या भेटीगाठींनी काय साधतं, याचा पुरावा अमेरिकेतच आहे. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल 1981 साली आला. गुन्हे घटले नव्हते. लोकांची भीती मात्र कमी झाली होती आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं होतं. भीती कमी होणं हीसुद्धा कमाईच, ती मी नाकारत नाही. पण लोकांचं मत सुधारलं म्हणजे काम सुधारलं, असं धरून चालता येत नाही. 1983 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांत व्यसनविरोधी वर्ग सुरू केले. शिक्षक खूश, पालक खूश, टी-शर्ट घराघरात. मुलांच्या व्यसनांवर परिणाम जवळपास शून्य, असं पुढच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं.

यावर पहिला आक्षेप मोठा आहे: पोलीस स्थानिकांच्या हाती दिले तर फर्ग्युसन होतं. मिझुरीतलं हे तेव्हा वीस-एकवीस हजार वस्तीचं शहर. 2014 मध्ये तिथे मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला, आणि केंद्रीय न्याय खात्याच्या 2015 च्या अहवालातून दिसलं की नगर प्रशासन पोलिसांना तिजोरी भरण्यासाठी राबवत होतं. दंडाच्या पावत्या फाडायच्या आणि त्याही मुख्यतः काळ्या वस्तीत. आक्षेप खरा आहे, म्हणूनच सुरगाणा नगरपंचायतीने ठाणेदार नेमावा असं मी म्हणत नाही. तसं झालं तर पहिल्याच आठवड्यात कोणाची मोटरसायकल सोडायची याची यादी येईल, हे तिकडच्या कोणालाही सांगावं लागणार नाही. नेमणूक, बदली, तपास वरच राहू दे. हिशेब तेवढा खाली वाचला जावा. फर्ग्युसनमध्येही पावत्यांचा हिशेब काळ्या वस्तीपुढे वाचला जात नव्हता, तो पाहत होते वसुलीचे आकडे मागणारेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. सनीव्हेलमध्ये मोठमोठ्या संगणक कंपन्या आहेत, आणि सुरगाण्यातली माणसं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात. तुलना कसली करता? मनुष्यबळाची आणि गाड्यांची तुलना करूच नये. पण चार आकडे गावात वाचून दाखवायला निधी लागत नाही. जागाही तयार आहे. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला तंटे मिटवण्याची आपली रीत जपायचा आणि दारूवर निर्बंध घालायचा अधिकार दिला आहे. शेजारी दारूबंदीचा गुजरात असताना या दुसऱ्या अधिकाराचं वजन केवढं आहे, ते सीमेवरच्या गावांनाच विचारावं. उलट सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण नेमायला सांगितलं, तेव्हा महाराष्ट्राने ते विभाग पातळीवर नेऊन ठेवलं. तालुक्यातल्या बर्डीपाड्याच्या बाजूच्या माणसाने विभागाच्या ठिकाणापर्यंत एसटीने जायचं, रोजगार बुडवायचा आणि तारीख घेऊन परतायचं.

ग्रामसभेत एखाद्या खटल्याची चर्चा नकोच. फिर्यादी आणि बाईमाणसाची अब्रू त्यात जाईल. प्रश्न साधे हवेत. 112 वर फोन केल्यापासून पाड्यावर गाडी पोचायला सरासरी किती वेळ लागला? दारूच्या किती तक्रारी ग्रामसभेने दिल्या आणि त्यांचं काय झालं? आणि माझ्या मते सगळ्यांत आधीचा प्रश्न असा, की 1 जुलै 2024 पासून हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची फिर्यादही आपल्या ठाण्यात घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तर द्राक्षबागेत मारहाण सोसून घरी परतलेल्या मजुरांच्या अशा किती फिर्यादी सुरगाण्यात लिहून घेतल्या, किती निफाड-दिंडोरीकडे पाठवल्या, आणि तिकडून उत्तर किती आलं?